फटाफट काकूंचं बसणं

आमच्या सासूबाईंनी उभ्या आयुष्यात कुकरची वाफ आपणहून जिरू दिली नाही. शिट्ट्या झाल्या रे झाल्या की चिमट्यानं शिट्टी वर उचलायची, फुस्स करून वाफ छताला, वरणाचे शिंतोडे भिंतीवर, आणि वर आम्हालाच दटावणी, "पाहून काय राहिले? ताटं घ्या न!" दाराची बेल त्या वाजवत, त्याच वेळी कडी खडखडवत आणि त्याच वेळी खिडकीतून हाकही मारत. ऑटोत बसल्या की ऑटोवाल्यानं "कहाँ जाना है?" विचारायच्या आत "चल न बाबा!" म्हणून मोकळ्या. भिलाईतल्या आमच्या सेक्टरात बंगाली, मल्याळी, तेलुगू, छत्तीसगढी, सगळ्यांसाठी त्या फटाफट काकू होत्या. हे नाव कोणी ठेवलं माहीत नाही, पण ज्यानं ठेवलं त्याला माणसं बरोबर ओळखता येत होती.

मी रायपूरची. चार पिढ्यांपासून रायपूरची मराठी, म्हणजे घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर पाय टाकला की हिंदी. त्या आर्वीकडच्या. सासरे स्टील प्लांटमध्ये क्लार्क म्हणून लागले तेव्हा त्यांच्यासोबत भिलाईला आल्या आणि बोली मात्र तिकडचीच घेऊन आल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा सासरे नव्हते, संजय, म्हणजे माझा नवरा, प्लांटमध्येच नोकरीला होता. उंबऱ्यावर माप ओलांडण्याआधी बायकांनी मला अडवलं, नाव घे म्हणून. मी जरा लाजले, उखाणा आठवत एक श्वास थांबले, तर ह्या बाईनं माझ्या वतीनं स्वतःच उखाणा जुळवून स्वतःच्याच मुलाचं नाव घेऊन टाकलं! "घ्या, झालं. चाल व रायपूरवाली आत, पोळ्या थंड होऊन राहिल्या." बायका हसून हसून पार आडव्या झाल्या. त्या दिवसापासून मी रायपूरवाली ती रायपूरवालीच.

दुर्ग स्टेशनवरची गोष्ट तर आमच्याकडे पाहुणे आले की हमखास सांगितली जाते. नागपूरला भाचीचं लग्न होतं. गाडीच्या कितीतरी आधी आम्ही फलाटावर, कारण आईंसोबत, म्हणजे सासूबाईंसोबत, दुसरं काही शक्यच नव्हतं. संजय पाण्याची बाटली आणायला गेला, मी बॅगांची चेन लावत बसले. तेवढ्यात समोर कुठलीशी उशिरा धावणारी गाडी येऊन लागली आणि सुटलीही. वळून पाहते तो आई गायब! संजय या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतोय, मी सामान सोडून जाऊ शकत नाही, आणि मग फोन आला, "अवो, राजनांदगाव गेलं बी! तुमी कुठं हा?" गाडी नागपूरलाच जाणार होती म्हणे. "उभी होती न गाडी, मंग थांबायचं कावून?" तिकीट आमच्याकडे, डबा आमच्याकडे, चष्मासुद्धा आमच्याकडे! टीसीला त्यांनी काय सांगून पटवलं ते त्यांनाच ठाऊक. आम्ही लग्नघरी पोचलो तेव्हा त्या जेवून, हात पुसत, पाहुण्यांना आमच्या आळशीपणाबद्दल सांगत होत्या.

पण ह्याच बाईचं एक वागणं मला लग्नानंतर पुष्कळ दिवस उमगत नव्हतं. स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला तेव्हा त्यांनी ऑफिसात सकाळी फोन केला, दुपारी केला, संध्याकाळी साहेबाच्या घरी केला. शेवटी नळवाला आला तो नळापेक्षा फोन बंद व्हावा म्हणूनच आला असावा. आणि देवापुढे? दिवा लावला, हात जोडले, एक वाक्य बोलल्या की उठल्या. संजयची प्रमोशनची परीक्षा होती. मी रोज देवाजवळ बसून जप करत होते, त्या एकदाच बोलल्या आणि विषय संपला. मी चिडवलं, "आई, नळवाल्याला इतके फोन आणि देवाला एकच?" तर पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "नळवाला विसरते. देव विसरते का? घडीघडी कोचकलं त त्याले बी वाटंन, ह्या बाईचा आपल्यावर भरोसाच नाई." मला हसू आलं. कामाच्या घाईत देवालाही लवकर उरकतात झालं, असं मी तेव्हा समजले.

मला दिवस गेले आणि घरात नुसती धमाल उडाली! तिसऱ्या महिन्यातच झबली शिवून झाली, टोपडी झाली, सिव्हिक सेंटरच्या बाजारात जाऊन त्या खुळखुळासुद्धा घेऊन आल्या. "नऊ महिने म्हंजे लयच होते वो," असं त्या खरोखर तक्रारीच्या सुरात म्हणत. आणि पोटातल्या पोरीनं आजीचं ऐकलं की काय कोण जाणे. सातवा लागून थोडेच दिवस झाले होते. गणपती बसायचे होते, मी मोदकांचं सारण हलवत होते, आणि कळ आली. अशी कळ, की हातातली कढई तशीच गॅसवर राहिली.

ऑपरेशन करून मुलगी बाहेर काढली. एवढीशी! माझ्या संजयच्या तळहातावर मावली असती. लगेच तिला काचेच्या पेटीत ठेवलं, नाकात नळी, पायाला सुई, अंगावर नुसती कातडी. डॉक्टर म्हणाले, "अभी कुछ नहीं कह सकते. रोज़ का रोज़ देखेंगे." माझे टाके पिकले, ताप चढला, मी खालच्या वॉर्डात आणि माझी मुलगी वरच्या मजल्यावर. आई काचेतून तिला पाहून माझ्याकडे आल्या. मी विचारलं, "कशी आहे?" म्हणाल्या, "चिंगी हाये. पण डोळे तुयासारखे हायेत." चिंगी म्हणजे चिमुकली, तेच तिचं नाव पडलं. मग खिडकीकडे तोंड करून त्यांनी हात जोडले, ओठ हलले, एकच वाक्य. त्यांनी देवाला सांगितलं होतं. एकदा.

आता ज्यांच्या घरी महालक्ष्म्या असतात त्यांना पुढचं सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. आमच्या विदर्भाकडच्या घरांत भाद्रपदात दोघी बहिणी तीन दिवसांच्या माहेरपणाला येतात, सोबत त्यांची दोन बाळं. आमच्या महालक्ष्म्यांचे मुखवटे पितळी, वर्षभर पेटीत असतात. त्या दिवसांत ते कोठ्यांवर बसवायचे, साड्या नेसवायच्या, दागिने घालायचे, वर करंज्या-पापड्यांचा फुलोरा टांगायचा. मधल्या दिवशी मोठा नैवेद्य, आंबील, पुरण, सोळा भाज्या, कढी-वडे, आणि आईंच्या हिशोबानं अख्खा ब्लॉक जेवायला. त्या वर्षी पेच असा, की घरात बाळ जन्मलेलं. म्हणजे सोयर. दहा दिवस देवाला हात लावायचा नाही. जिला देवाची सगळ्यात जास्त गरज, तिलाच देवघराकडे फिरकायची बंदी!

आईंच्या मोठ्या जाऊबाई दुर्गला, बोरसीत राहतात. एकच कुटुंब म्हणजे सोयर त्यांनाही. त्यांनी फोन केला, "यंदा राहू दे. पेटी उघडू नको. घरात हे असं चालू हाये, कोण दोष देणार?" आईंना ते पटेना. "पावण्या दारात येऊन उभ्या राहतीन अन् मी म्हणू, घर बंद हाये? लेकीले असं म्हणतेत का कोणी?" आमच्याकडे सोयर-सुतकात दुसऱ्या गोत्राच्या हातानं महालक्ष्म्या बसवायची रीत आहे. पण भिलाईत ऐन सणात रिकामी मराठी बाई मिळणार कुठून? सगळ्या आपापल्या घरी अडकलेल्या. तेव्हा आईंनी समोरच्या क्वार्टरचं दार ठोठावलं. बेल, कडी, हाक, सगळं एकदम. तिथं राव आंटी राहतात, विशाखापट्टणमकडच्या, बत्तीस भाज्या शिकवल्या तरी तिखट कमी न करणाऱ्या. जाऊबाई फोनवर किंचाळल्या, "तेलुगू बाईच्या हातून?" आई म्हणाल्या, "गोत्र येगळं पाहिजे न? इथं त राज्यच येगळं हाये!"

हे पुढचं सगळं मी वॉर्डातल्या खाटेवर पडून मोबाईलवर पाहिलं. संजयनं घरून व्हिडिओ कॉल लावला होता, म्हणाला, "तू बघ, तुला बरं वाटेल." काय दृश्य होतं! राव आंटींनी पेटी उचलून आपल्या घरी नेली. महालक्ष्म्या त्यांच्या बैठकीत. आणि आई आमच्या उंबऱ्यावर उभ्या, एक पाऊलही पुढे न टाकता, तिथूनच ओरडून सूचना देताहेत. "पदर उजव्या बाजूनं! अवो, उजव्या, उजव्या! राव आंटी, राइट साइड!" पलीकडून राव आंटींचा आवाज, "दीदी, आप चिल्लाओ मत, देवी डर जाएगी!" त्यांना देवीला साडी नेसवायचा काय हात आहे म्हणून सांगू! निऱ्या अशा काढल्या की पंखा. केसांत मोगरा, कपाळावर मोठा कुंकवाचा टिळा. आमच्या महालक्ष्म्या त्या वर्षी थेट आंध्रातून आल्यासारख्या दिसत होत्या. नैवेद्यात पुरणाच्या शेजारी चिंचेचा पिवळा भात बसला, पुलिहोरा. "खाऊ द्या त्याइले," आई म्हणाल्या, "दरसाल आंबील खाऊन खाऊन कंटाळल्या असतीन." त्या तापातही मी हसले, टाके दुखेपर्यंत हसले.

आणि मधल्या दिवशी दुपारी, ऐन नैवेद्याच्या वेळेला सिस्टर धावत माझ्याकडे आल्या. बाळाचा श्वास थांबला होता. निळं पडलं होतं. डॉक्टरांनी मशीनवर घेतलं होतं, पण काही सांगता येत नव्हतं. मी घरी फोन लावत राहिले, तो लागेना. लागला तेव्हा पलीकडे घंटीचा आवाज, माणसांचा गलबला. संजयला मी काय बोलले मला आठवत नाही. त्यानं नंतर सांगितलं, की राव आंटींच्या हातात नैवेद्याचं ताट होतं आणि ते तसंच हवेत राहिलं. कोणीतरी म्हणालं, "पूजा रोक दो." तर उंबऱ्यावरून आईंचा आवाज आला, "रुकना नहीं! नैवेद्य दिखाओ, सबको खाना खिलाओ. भूखा नहीं रखना उनको." आणि चपला पायात सरकवून त्या संजयच्या स्कूटरवर बसल्या.

मी खाटेवरून उठले होते. भिंत धरून धरून वर गेले होते आणि त्या काचेच्या दाराबाहेरच्या बाकावर बसले होते. आई आल्या तशी मी त्यांचा हात गच्च धरला आणि म्हटलं, "नवस बोला! आई, काहीतरी बोला! डोंगरगडच्या देवीच्या पायऱ्या गुडघ्यांनी चढेन म्हणा, केस देते म्हणा, उपास म्हणा, काहीपण बोला!" त्या म्हणाल्या, "नाई."

"कावून नाही?" मी ओरडले. रागात त्यांचीच बोली माझ्या तोंडी आली.

"सांगितलं हाये त्याले."

"मग ऐकलं नाही त्यानं!"

"ऐकलं असंन. आता काय करायचं ते त्याचं त्याले ठरवू दे. आपण इथं बसू. पोरगी त्या दाराच्या पल्याड हाये, आपण अल्याड बसू."

मला त्या क्षणी त्यांचा असा राग आला, असा राग आला, की काय सांगू! माझं लेकरू जातंय आणि ह्यांना एक शब्द जास्तीचा बोलवत नाही! पण आई बसल्या. जी बाई कुकरपुढे थांबत नाही, सिग्नलला ऑटोवाल्याला ढोसते, ती त्या लोखंडी बाकावर पाय जमिनीला टेकवून बसली. पाय हलवला नाही, पदराशी चाळा केला नाही. आत-बाहेर करणाऱ्या एकाही सिस्टरला "काय झालं? काय झालं?" विचारलं नाही. फक्त माझा हात त्यांच्या हातात होता, आणि त्यांचा हात घामानं पार ओला झाला होता.

मध्येच राव अंकल डबा घेऊन आले. सगळे जेवले म्हणाले, हा प्रसाद. डबा उघडला तर पुरणपोळीवर पुलिहोरा सांडलेला. आईंनी घास करून माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, "सोयर आहे ना आपल्याला. प्रसाद चालतो?" त्यांनी विचारलं, "भूक लागली का?" मी सकाळपासून उपाशी होते. "लागली." "मंग चालते. खा." मी रडत रडत खाल्लं. गोड, आंबट, तिखट आणि खारट, सगळं त्या एका घासात होतं. तो घास मी अजून विसरलेली नाही.

ऊन कलायला लागलं तेव्हा डॉक्टर बाहेर आले. घामाघूम झालेले. म्हणाले, "साँस ले रही है. अपने आप." मी किंचाळले! दवाखान्यात किंचाळू नये हे कळत असून किंचाळले! संजय भिंतीला टेकून खाली बसला तो उठेचना. आणि आई? त्यांनी वर पाहून हात जोडले, डोळे पुसले आणि लगेच त्या मूळ स्वभावावर आल्या, "डॉक्टरसाहेब, मंग घरी कधी नेऊ?"

घरी न्यायला पुष्कळ वेळ होता. चार-पाच दिवसांनी सिस्टर म्हणाल्या, आता बाळाला पेटीइतकीच माणसाच्या अंगाची ऊब लागेल. घरातल्या कोणीतरी छातीशी धरून बसायचं, कातडीला कातडी लावून, तासन्‌तास, हलायचं नाही. मला अजून ताप होता, संजयला सर्दी. सिस्टरनी आईंकडे बोट दाखवलं. मी मनात म्हटलं, संपलं! ही बाई पाच मिनिटांत उठून झाडू शोधेल. आईंनी साबणानं हात धुतले, दवाखान्याचा झगा घातला, खुर्चीत टेकल्या. चिंगीला त्यांच्या छातीवर ठेवलं, वरून चादर बांधली. आणि त्या बसल्या. सिस्टर उठवायला येईपर्यंत बसल्या. दुसऱ्या दिवशी बसल्या, तिसऱ्या दिवशी बसल्या. पाठ धरली, पायाला मुंग्या आल्या, तरी खुर्चीतून चुळबुळ नाही. मला बरं वाटल्यावर मी पाळी घ्यायला लागले, पण सकाळची पाळी त्यांनी कोणाला दिली नाही.

बसून काय करत होत्या? गप्पा! पण अगदी हळू आवाजात, तो आवाज त्यांच्याजवळ आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं. आंबील कशी करायची ते चिंगीला सांगून झालं. सिव्हिक सेंटरला साड्यांचा सेल लागला ते सांगून झालं. राव आंटींनी पदर कसा चुकवला ते तर रोज. मी एकदा म्हटलं, "आई, दहा दिवस झाले, सोयर फिटलं. सकाळी आधी देवपूजा करून मग या ना." तर म्हणाल्या, "इतके दिवस देवाले हात लावू देल्ला नाई, तरी त्यानं धाडलेल्या लेकराले लावू देल्लाच न? तो काई रागावत नाई. तू डबा आण."

चिंगी घरी आली त्या दिवशी आमच्या ब्लॉकमध्ये दिवाळी होती! जिन्यावर रांगोळी, राव आंटींच्या हातात आरती, वरच्या मजल्यावरचे मल्याळी आजोबा पेढे घेऊन. आई ऑटोत चिंगीला पोटाशी धरून बसल्या होत्या आणि रस्ताभर ऑटोवाल्याला सांगत होत्या, "धीरे चला रे बाबा, धीरे!" ऑटोवाला ओळखीचा. तो मागे वळून वळून पाहत होता, की ही तीच बाई आहे ना.

ह्या गोष्टीला काही वर्षं झाली. चिंगी शाळेत जायला लागली, धडधाकट, भांडकुदळ. एका हिवाळ्यात दुपारी आम्ही दोघी मागच्या अंगणात उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होतो. मला एकदा विचारायचंच होतं. म्हटलं, "आई, त्या दिवशी तुम्हाला आतून खात्री होती ना? चिंगी वाचेल म्हणून?"

त्यांनी शेंग सोलली. "नाई."

"म्हणजे?"

"म्हंजे नाई. थोडीशी बी नाई. मी त म्हणत होती, हे बी गेली."

हे बी. माझा हात थांबला. मग त्यांनी सांगितलं, जे संजयलाही नीट माहीत नव्हतं. संजयच्या आधी एक मुलगा होता. आर्वीकडे असताना झालेला. काही महिन्यांचा असताना आजारी पडला. "नवस? जेवढे देव ठाऊक होते तेवढ्याइले बोलली मी. ह्या देवळातून त्या देवळात, अनवाणी. घाई, नुसती घाई, एक देव सुटला नाई पाहिजे. अन् लेकरू सासूच्या मांडीवर गेलं. मी घरी आली त त्याले झाकून ठेवलं होतं. देवानं नाई म्हटलं, ते त्याचं. पण मी त्याच्यापाशी नोती व, पोरी. बसलीच नोती."

त्या शेंगा सोलतच होत्या. "त्या वर्षी महालक्ष्म्या मांडल्या नाई मी. पेटीच नाई उघडली. लय खराब गेलं ते वरीस. लेकरू बी नाई, अन् ज्याच्यापाशी जाऊन रडावं तो बी नाई. दुसऱ्या वर्षी मांडल्या. रडत मांडल्या, भांडत मांडल्या, पण मांडल्या. भरोसा म्हंजे पोट्टी वाचनच, असं नाई वो. वाचली त बी तो हाये, नाई वाचली त बी तो हाये. एवढाच भरोसा. बाकी आपण लेकरापाशी बसायचं." आणि माझ्याकडे पाहून, "रडून काय राहिली? आटप तुरी, कुकर लावायचा हाये!"

गेल्या माघात आई गेल्या. सकाळी चहा घेतला, म्हणाल्या छातीत जड वाटून राहिलं. मी संजयला हाक मारली, गाडी काढेपर्यंत, दवाखान्याच्या फाटकापर्यंत पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मला बसायला मिळालं नाही. आयुष्यभरासाठी मला बसायला शिकवलं आणि माझी वेळ आली तेव्हा ह्या बाईनं मला एक तास, अर्धा तास, पाच मिनिटंसुद्धा बसू दिलं नाही! मी अजून भांडते त्यांच्याशी ह्यावरून. कुकरची शिट्टी झाली की जास्तच भांडते.

भाद्रपद आला. आईंच्या बोरसीच्या जाऊबाईंनी फोन केला, "वर्ष व्हायचं हाये अजून. यंदा नाई मांडल्या तरी चालते, कोणी बोलणार नाई." मी बरं म्हटलं. खरंच माझ्यात काही उरलं नव्हतं. पेटी पलंगाखाली होती, तिच्याकडे मी पाहतही नव्हते. महालक्ष्म्या यायच्या त्या सकाळी मी भांडी घासली, कपडे वाळत घातले, पुन्हा भांडी घासली. चिंगी शाळेत गेली नाही. दारात येऊन उभी राहिली, म्हणाली, "आई, आज आनेवाली थीं ना वो?"

मी हात पुसले आणि पेटी ओढली. झाकण उघडलं तर मोगऱ्याचा वास नाही, काही नाही, पितळेचा वास. मी मुखवटे चिंचेनं घासले, कोठ्यांवर बसवले, आणि माझ्या तोंडून जे सुटलं ते सुटलंच. "तुम्हाला काही वाटतं का? दरसाल आईंनी तुम्हाला जेवू घातलं, आणि त्यांना न्यायला एक दिवस, एक दिवस थांबता आलं नाही तुम्हाला?" डोळ्यांतून पाणी गळत होतं, साडीच्या निऱ्या नीट पडत नव्हत्या, सारख्या सुटत होत्या. चिंगी घाबरून पाहत होती.

"आई, तू देवाला रागावून राहिली?"

"हो," मी म्हटलं. "तू ये इकडे. पदर धर."

तिनं धरला.